झडती

मी सोन्याच्या कारखान्यात भट्टीवर होतो. आमच्या खनिजात सोन्यासोबत सोमल असायचा. भाजलं की सोनं मोकळं व्हायचं आणि ते विष पांढरी भुकटी होऊन अंगावर बसायचं. सुटताना फाटकावरचा पहारेकरी खिसे चाचपायचा, बूट उलटे करून बघायचा. सोन्याचा कण बाहेर जाता कामा नये! भुकटीचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. कपडे कारखान्यात धुऊन मिळायचे, पण "त्यांच्याकडून कॉलरचा मळ निघत नाही," म्हणत बायको माझे घरीच धुवायची. मागच्या महिन्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, नखांतसुद्धा सोमल होता. आज मी नोकरी सोडली. पहारेकरी ओशाळून म्हणाला, "काका, आज झडती नको." मी बूट काढले आणि त्याच्या वहीवर उलटे झटकले. पांढरा थर पसरला. "बघ नीट. हे मी रोज घरी नेत होतो. एकदा तरी अडवायचं होतंस!"