गजराच्या नावावर चार खोल्या

“अगं, पण कोण ही गजरा?” बाबूरावांनी सुनेला पुन्हा विचारलं.

“नाव तेवढंच दिलंय, मामा.” वैदेहीनं मोबाईलवरची नजर काढली नाही. “चारही खोल्या धरल्यात. दिवाळीच्या सुट्टीतला अख्खा आठवडा.”

बाबूराव तुळजापूरचे पुजारी. देवीला येणारे यजमान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरी उतरायचे. पूर्वी महिनाभर आधी कार्ड यायचं, अमुक दिवशी येतोय, इतकी माणसं, नैवेद्याला पुरण घाला. आता एवढा दम कुणाला? सोलापूर सोडलं की लोक गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर खोली धरतात. म्हणून सुनेनं खोल्या मोबाईलवर चढवल्या. बाबूरावांना ते पहिल्यापासनं पटलं नव्हतं, आणि आता तर बघायलाच नको!

त्यात जळकोटच्या ज्ञानोबांचा फोन आला. “देवा, सुट्टीत समदी लेकरं घेऊन येतो म्हनतो.”

जागा नाही, असं बाबूरावांना जन्मात पहिल्यांदा म्हणावं लागलं. फोन ठेवला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी कधी कुणाला दारातनं माघारी लावलं नव्हतं. ज्ञानोबा एकदा दुसऱ्याच्या ओसरीवर उतरले, की परत इकडं कशाला फिरकतायत? असे चार यजमान तुटले की घराण्याचं नाव बुडालंच म्हणायचं.

समोरच सिद्रामप्पाचं नवं लॉज. हा सिद्रामप्पा हल्ली वैदेहीला बघून लई गोड हसायचा. बाबूरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोट्या नावानं आपल्या खोल्या अडवायच्या आणि यजमान समोर ढकलायचे! वा रे सूनबाई!

ते स्वयंपाकघरात गेले. बायको, चारुशीलाबाई, पुरण वाटत होत्या. लोकांना सुट्टी लागली की ह्यांची शेगडी विझायची नाही.

“सुनेवर जरा नजर ठेव,” बाबूराव हळूच म्हणाले. “ह्या घरात माझा भरवसा तुझ्या एकटीवर हाय.”

“ठेवते की.” पुरण वाटायचं काही थांबलं नाही.

दोन दिवसांनी चारुशीलाबाईंनी खबर आणली. “दार लोटून फोनवर बोलत होती. गाडीबिडीचं चाललंय काहीतरी.”

“सिद्रामप्पाचं नाव निघालं?”

“न्हाय बाई.”

“आणि गजराचं?”

“ते निघालं.”

“सापडली!” बाबूरावांनी मांडीवर थाप मारली. “सिद्रामप्पाचीच कुणीतरी असणार बघ. मेहुणी असंल.”

“असंल. तुम्हाला माणसांची पारख हाय.”

बाबूरावांना बरं वाटलं. निदान बायको तरी आपल्या बाजूची हाय, असं म्हणत त्यांनी पानाला चुना लावला.

सुट्टीचा आठवडा उजाडला. सकाळी ते पूजा उरकून आले, तर चारही खोल्या झाडून, कुलूप लावून तशाच रिकाम्या. दारात गाडी उभी. वैदेही तिच्यात बॅग ठेवत होती.

“कुठं निघालीस?”

“सुट्टीला, मामा.”

“ऐन गर्दीत? आणि घरचं कोण बघणार?”

वैदेही काही बोलायच्या आत ड्रायव्हर खाली उतरला. “वैदेहीताई आणि गजराबाई, दोघींना घ्यायचंय. मालवणला, समुद्रावर सोडायचंय. दुसऱ्या बाई कुठंयत?”

बाबूरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. काय ही हिंमत! माझे यजमान पळवायचे आणि माझ्याच दारातनं गाडीत बसून मजा मारायला जायचं!

“चारुशीला! ये गं बाहेर, लवकर ये!” ते ओरडले. “येऊ दे त्या गजराला. समदी गल्ली गोळा करतो आज. तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा.”

चारुशीलाबाई बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. नवऱ्याच्या शेजारी काही त्या थांबल्या नाहीत. गाडीत जाऊन बसल्या, पदर सावरला आणि काच खाली केली.

“अहो, लग्नात ताटातल्या तांदळावर तुम्ही चारुशीला लिहिलंत. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माहेरी मला काय म्हणायचे, आठवतंय का?”