नलूचा खारट केक

बेचाळीस वर्षांचे बिजवर गुरुदत्तराव नलूला पाहायला यायचे होते. त्यांच्या मातोश्री सरोजिनीबाईंची ख्याती अशी, की मुलीच्या हातचा केक बिघडला तर त्या चहाही न घेता उठतात. नलूला तेवढीच काय ती आशा होती. तिनं केकच्या मिश्रणात मूठभर मीठ घातलं, पातेलं शेगडीवर वाळूत ठेवलं, झाकणावर निखारे रचले आणि निवांत वेणी घालत बसली.

पाहुण्यांच्या हाती बशा गेल्या आणि खाली गिरगावच्या रस्त्यावर पोलिसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सोडला. धूर खिडकीतून थेट दिवाणखान्यात आला. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण बघण्याचा कार्यक्रम तो, मधेच कसं उठायचं? मंडळी रडत रडत केक खात राहिली.

"जरा खारट लागतोय का हो?" सरोजिनीबाईंनी नाक पुसत विचारलं.

"आपलीच आसवं ती, तोंडात उतरलीत," नलूचे वडील अप्पा म्हणाले.

"तरीच! फुगलाय मात्र सुरेख. आमचा होकार समजा."

धूर ओसरला. सगळ्यांचे डोळे कोरडे झाले, नलूचे काही थांबेनात.

"पोरीला गॅस जरा जास्तच लागला," अप्पा ओशाळून म्हणाले.

"रडू दे हो," सरोजिनीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आधीच्या सुनेला कितीही बोला, डोळ्यांत टिपूस म्हणून यायचं नाही."