ड्रायव्हरची सीट

पन्नास वर्षं बंद पडलेली खुशालरावांची दोन सीटची रेसची गाडी अकोल्याच्या रस्त्यावर येऊन गुरगुरली, तेव्हा मोबाईल धरून उभे असलेले लोक शूटिंग करायचं विसरले. तीन वर्षं खपलो होतो मी तिच्यामागे. ड्रायव्हरची सीट पार पुढे गंजून बसली होती. कुण्या येड्यानं बसवली म्हणत मी ती सोडवली आणि सहा फुटी खुशालरावांच्या मापानं मागे नेली. शर्यतीच्या कपावर नाव त्यांचंच होतं ना!

नारळ फोडायला त्यांच्या पत्नी, ऐंशीच्या रुख्मिणीकाकू आल्या. नारळ माझ्या हातात देऊन त्या थेट स्टिअरिंगमागे बसल्या. पाय क्लचपर्यंत पोचेनात.

"देवमन, सीट मागं कावून नेली?"

"काकाजी उंच होते ना, काकू."

"ते तं बाजूले बसत. डोये मिटून."