टोपी बसवण्याआधी

गोटीरामने मातीच्या डोक्यावरचं ओलं फडकं काढलं आणि तो बाजूला झाला. शालन दारातच उभी राहिली.

"बघ की," तिचे यजमान बाबासो म्हणाले. "तू हो म्हणलीस की साचा काढत्यात. चौकात पुतळा बसवायचा तर मंडळाला आईचा होकार पायजे."

नावडे गावातल्या त्या शेडमध्ये आजवर गणपतीच घडत आले होते. माणूस घडवायची गोटीरामची ही पहिलीच खेप. समोर खिळ्याला इंद्रजितचा लष्करी टोपीतला फोटो अडकवला होता. पोरगा कारगिलला गेला तो कोपरखैरण्याला पेटीतूनच परत आला. पेटी उघडू नका, असं बरोबरच्या जवानांनी हात जोडून सांगितलं होतं. तेव्हापासून शालनने एकच धरून ठेवलं होतं, की पेटीत दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू होतं. घरातल्या फोटोला तिने अजून हार घालू दिला नव्हता. डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं.

ती आत आली. चेहरा हुबेहूब फोटोसारखा होता. पण हनुवटी वर करून कॅमेऱ्यासमोर बसवलं की सगळीच पोरं सारखी दिसतात.

"ह्यो माझा न्हाई," ती म्हणाली.

बाबासो खाली बघत राहिले. जन्मभर मार्केटात पोती वाहिलेला माणूस. पोराचं नाव कुठंतरी उभं राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

निघताना शालनने त्या डोक्यावरून सहज हात फिरवला, पोर पुढ्यात बसलेलं असावं तसा. हात मध्येच थांबला. तिने वाकून पाहिलं. ओल्या मातीत, माथ्यामागे, शेजारीशेजारी दोन भोवरे होते.

इंद्रजितला दोन भोवरे होते. हा दोन बायका करणार, म्हणून चाळीतल्या बायका त्याला लहानपणापासून चिडवायच्या. एकही झाली नाही.

"ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

गोटीरामने हात फडक्याला पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"त्ये मी नाय केलं, ताई. वरती टोपी बसनार, म्हनून केस कोरलेच नाय. सांजचा हात फिरवून गुलगुलीत करतो न फडका टाकतो. सकाली फडका काढला का भोवरे हायेतच."

भिंतीशी गेल्या सालचे दोन गणपती होते, डोळे आखायचे राहिलेले.

"तेल हाय का?" शालनने विचारलं.

साच्याला लावायचं खोबरेल होतं. तिने ते तळव्यावर ओतलं आणि तान्ह्या पोराची टाळू भरावी तसं, दाब न देता, माथ्यावर थापलं. माती तेल पीत गेली. तिने आणखी ओतलं.

"शालन, माती हाय ती," बाबासो हळूच म्हणाले.

"त्योच हाय वं," ती म्हणाली. "म्हंजे पेटीत बी त्योच हुता."

मग ती रडली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं रडली, आणि तरी तिचा तळवा माथ्यावरून हलला नाही.

गोटीरामने मातीची टोपी दोन्ही हातांत धरून आणली. "बसवू का, ताई? तुमचा होकार हाय ना?"

"होकार हाय. पण जरा थांबा." तिचा आवाज आता शांत होता. "टाळू अजून उडतीया."

बाबासो पुढे झाले. तिचा हात बाजूला करावा म्हणून त्यांनी आपला हात तिथे नेला. मग त्यांनीही तो तिथून काढला नाही.