एकाच पाइपातून

तीन आठवडे काका हॉस्पिटलात डोळे मिटून पडून होते. भेटीची वेळ पाचची. काकू खोलीत शिरल्या की सिस्टर रोज सांगायची, "काकू, तुम्ही वर येत होतात ना, तेव्हाच मशीनवरची रेघ थरथरली. तुमची चाहूल लागते हो काकांना."  काकू हल्ली घरून निघताना केस नीट विंचरायच्या.

आज खोलीत वायरमन स्टुलावर चढला होता.

"कुणी केलंय हे काम देव जाणे," तो म्हणाला. "मशीनची नाजूक केबल आणि लिफ्टची जाडजूड वायर, दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाइपात कोंबल्यात. लिफ्ट हलली की इकडे रेघ हलणारच. तरी बरं, ही भेटायला येणाऱ्यांची लिफ्ट भेटीच्या वेळेपुरतीच चालू असते. आता केबलला वेगळा लोखंडी पाइप टाकतो, अर्थिंग देतो. मग बघा रेघ कशी स्वच्छ येते."

सिस्टर सलाइनची बाटली उगाचच तपासत राहिली. काकूंनी नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"नाही टाकला तर यांना काही धोका?"

"धोका कसला? नुसती रेघ हलते."

"मग सोमवारी टाकाल का?"

"आत्ता अर्ध्या तासाचं काम आहे, काकू. सोमवारी कशाला?"

"रविवारी मुलगी येतेय. सहा वर्षं हे तिच्याशी बोललेले नाहीत. एकदा लिफ्टने वर येऊ दे तिला."