नुसतं बघायचं, दाबायचं नाही

भाग्यश्रीची जाहिरात आज पुन्हा खाली गेली होती. भिवाजीने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि अंगठ्याने फोनचा पडदा सरकवला. आधी पोहण्याच्या तलावाचं रिसॉर्ट, मग नदीकाठचे तंबू, मग कुठल्यातरी बंगल्याचा झगमगाट. त्या सगळ्यांच्या खाली ती होती. 'भाग्यश्रीचं शेतघर, कर्जत. मुक्काम आणि घरचं जेवण.' शेजारी टिचभर फोटो, त्यात चुलीपुढे बसलेली भाग्यश्री. भिवाजीची एकुलती एक लेक.

"कर्जत, शेतावर मुक्काम," असं तो रोज सकाळी चहा झाला की फोनला सांगायचा. मुक्कामाला जायचं होतं कुणाला? त्याच्या लोधिवली गावाहून कर्जत असं कितीसं लांब! पण तिने आपल्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा "या दारात पुन्हा पाऊल टाकू नको," असं त्याने तिला सुनावलं होतं. नंतर तिचे फोन आले, तेही कापले. फोन यायचे थांबले तेव्हा कुठे स्वारीचा जीव कासावीस व्हायला लागला. पण आता बोलावणार कुठल्या तोंडाने? रसायनीच्या कंपनीत साहेबापुढेही कधी मान न वाकवलेला माणूस. ती मान आता रोज त्या टिचभर फोटोपुढे वाकायची. लेक वाळली तर नाही ना, एवढंच बघायचं, आणि फोन खिशात टाकून दिवसभर तिची आठवण काढत बसायचं.

जाहिरातीवर बोट मात्र तो चुकूनही लावत नसे. त्याचा पुतण्या मनोज खोपोलीच्या एका रिसॉर्टच्या जाहिरातींचं काम करायचा. तो एकदा बोलून गेला होता, की कुणी जाहिरात दाबली की ती देणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात. भिवाजीने ते पक्कं धरून ठेवलं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बापाने पिऊ नये, अशी त्यांच्याकडची रीत. मग तिच्याच पैशाने तिला बघायचं म्हणजे काय! फोटोजवळ आलं की तो बोट उचलून धरायचा, तवा तापलेला असावा तसं.

मागे एका लग्नासाठी तो पनवेलला बहिणीकडे राहिला, तेव्हा जाहिरात तिथे दिसलीच नाही. लेकीचा धंदा बसला या धास्तीने त्याला लग्नाचं जेवण गेलं नाही. गावी परतल्यावर ती पुन्हा दिसली, तेव्हा त्याने गावदेवीला नारळ फोडला आणि पनवेलच्या रेंजला चार शिव्या घातल्या.

अलीकडे मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. जाहिरात खाली खाली जायची. एखाद्या सकाळी एकदम सगळ्यांच्या वर येऊन बसायची, की पुन्हा घसरण सुरू. भिवाजीला राहवेना. मनोज पडवीत चहाला बसला होता, तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"मन्या, ह्या जाहिराती वर-खाली का जातात रं? जास्ती पैसं टाकंल तो वर, आसंच ना?"

"नुसत्या पैशानं नाय होत, काका," मनोज म्हणाला. "लिलावासारखी बोली तर लागतेच. पन ते मशीन आनखी बघतं, जाहिरात कितींना दिसली आन् त्यातल्या कितींनी दाबली. दिसूनसुदिक कुनी दाबत नाय म्हनलं, की त्याला वाटतं ही कुनालाच नको हाय. मग देतं खाली ढकलून."

"आन् एकच मानूस रोज बघत आसंल, पन दाबत नसंल तर?"

"मग तोच तिला ढकलतोय की! त्यापेक्षा बघितली नसती तर बरं."

मनोज चहा संपवून गेला. भिवाजीचा कप तसाच निवला. लेकीचं पाणी नको म्हणता म्हणता त्याने तिची जागाच काढून घेतली होती. आणि ती कुणालाच नको आहे, असं त्या मशीनला रोज सकाळी सांगत होता तो, तिचा बाप. त्याला भडभडून आलं.

त्याने फोन काढला, जाहिरात शोधली आणि डोळे मिटून बोट टेकवलं.

फोटो पडदाभर मोठा झाला. खाली फोन लावायचं बटण होतं. बोट घसरलं म्हणा, की त्याच्या मनातच होतं म्हणा, ते बटणही दाबलं गेलं.

"आबा?" पलीकडून आवाज आला.

भिवाजीच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. "भाग्या, माझ्यामुळं खाली गेलीस गं तू. तुझं पैसं जातील म्हनून दाबत नव्हतो. रोज नुसता बघायचो. किती गिऱ्हाईकं गेली आसतील तुझी माझ्यापायी!"

पलीकडे ती हसत होती की रडत होती, कळेना.

"गिऱ्हाईकांसाठी नव्हतीच ती, आबा. गिऱ्हाईकं येतात मुंबईहून, एकमेकांचं ऐकून. आपल्या गावात सकाळी कुनीतरी बघतंय, एवढं मला हितं फोनवर दिसायचं. पन दाबत कुनी नव्हतं. जाहिरात खाली गेली, की मी बोली वाढवून परत वर आनायची."

मग ती हळूच म्हणाली.

"दारात येऊ नको म्हनला होता ना तुमी? म्हनून मी ती फक्त लोधिवलीत लावली होती."