खोलीचा आवाज

पडद्यावर माहितीपट काढणाऱ्या येप्पेच्या आवाजानं विचारलं, "त्या दिवशी बोटीवर काय झालं?" आणि पडद्यावरची ओसे नुसती गप्प बसून राहिली.

बंदरावरच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. मागं कुणाला तरी हुंदका फुटला. पुढच्या रांगेत बसलेली खरी ओसे मात्र चक्रावली. ती कुठं गप्प बसली होती? पोरगा आस्गर बुडाल्यापासून ज्याबद्दल गावात कुणापाशी ब्र काढला नव्हता, ते सगळं तिनं आपल्या स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर घडाघडा सांगून टाकलं होतं. वादळाची सूचना येऊनही तांडेल थोरकिल्डनं बोट फिरवली नाही. जाळं अडकलं तेव्हा कमरेला दोर न बांधताच तिच्या पोराला कठड्यापलीकडं पाठवलं.

हे गप्प बसणं त्यानंतरचं. तिचं सांगून झाल्यावर आवाज घेणारा म्हणाला होता, "आता कुणी हलू नका. नुसता खोलीचा आवाज हवाय, फिल्मच्या जोडकामाला लागतो." कॅमेरा चालूच होता. ओसे हूं की चूं न करता शेगडीकडं बघत बसली. बटाट्यांचं पाणी आटत आलं होतं, उठायची सोय नव्हती.

दिवे लागले. तिनं शेजारी बसलेल्या येप्पेचं मनगट धरलं.

"अरे, मी बोलले ते कुठं गेलं?"

"कापलं, मावशी. बोलण्यानं सगळं लहान होत होतं." त्याचेही डोळे भरले होते. "मग प्रश्नापुढं तुमचा हा चेहरा जोडला. बघा ना, लोक रडतायत."

"मी बटाटे बघत होते, मेल्या!"

येप्पे हसला. बाई संकोचानं असं म्हणतेय, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत थोरकिल्ड आला. थकला होता आता. टोपी काखेत मारून त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"जीव मुठीत धरून आलो होतो, ओसे. म्हटलं, आज तू माझं नाव घेणार. पण तू एक शब्द काढला नाहीस. माफ केलंस बाई मला."

ओसेला वाटलं, आस्गर आत्ता बुडाला.

"घेतलं होतं," ती म्हणाली. "थोरकिल्ड, मी तुझं नाव घेतलं होतं!"

पण त्या दोघांना हातात हात घालून उभं राहिलेलं बघून अख्खं सभागृह उठलं होतं, आणि टाळ्या अशा वाजत होत्या की तिचं बोलणं तिचं तिलाच ऐकू आलं नाही.